एका तालावरच्या तीन मोटा

"मग करार मोडू द्यायचा का नाही? एवढंच सांगा, महाराज."

केवळगिरी महाराज ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होते. त्यांनी एक दाणा निरखून पाहिला आणि टोपलीत टाकला.

"कोणता करार?"

रघोत्तमला हसावं की रडावं तेच कळेना. गेली काही वर्षं तिन्ही मुलखांत लग्नाच्या पंगतीपासून स्मशानापर्यंत लोक त्या कराराशिवाय दुसरं काही बोलत नव्हते. आणि महाराज विचारतात, कोणता!

रघोत्तम सबनीस हा काळवट संस्थानचा कारभारी. धुळाक्षरं त्याने याच मठात गिरवली होती. माणूस हुशार, इतका हुशार की त्याच्या हुशारीला दुसऱ्या कोणी दुजोरा द्यायची गरजच नसे. तो स्वतःच देऊन मोकळा व्हायचा.

मठ उभा होता तीन संस्थानांच्या शिवा मिळतात त्या माळावर. काळवटची जमीन काळी, तिथे कापूस आणि शाळूची ज्वारी. सांबरगड डोंगराचं, तिथला भात, लाकूड आणि बैल नावाजलेले. मांडवपूरला माग आणि बाजारपेठ. तिघांनाही एकमेकांवाचून चैन नसे आणि तिघांचं एकमेकांशी पटतही नसे. शेजारी म्हटल्यावर असायचंच ते.

पूर्वी प्रत्येक शिवेवर जकातीचा नाका असे. नाणं वेगळं, शेर वेगळा, पायली वेगळी. मांडवपूरचा साळी काळवटला कापूस घ्यायला निघाला, की अर्धा जीव त्याचा नाक्यावरच जायचा. रघोत्तमने पायाला भिंगरी लावून तिन्ही दरबार पालथे घातले आणि हे सगळं एक केलं. नाणं एक, माप एक. नाक्यांचे अडसर उपटले आणि कराराच्या दिवशी त्याच लाकडांवर जेवणाच्या कढया चढवल्या.

"तोच करार," रघोत्तम म्हणाला. "उद्या सकाळी तिघेही राजे इथे येताहेत. मोडायला."

"बरं."

"बरं काय, महाराज! नाके पुन्हा उभे राहतील. मांडवपूरचे माग बसतील. सांबरगडच्या लोकांना मीठ मिळायचं नाही. माझं सगळं आयुष्य..."

तो थांबला. आयुष्य हा शब्द आपण मिठाच्या मागून उच्चारला, हे त्याचं त्यालाच बरं वाटलं.

महाराज शेंगा सोलत राहिले.

"मोडायचा का म्हणतात?"

"तिघेही एकदम बसले म्हणून. कापसाचा भाव चढला तेव्हा तिघेही एकदम चढले होते. सांबरगडने डोंगराच्या उतरणीवर जंगल तोडून कापूस लावला. मांडवपूरच्या साळ्यांनी माग गुंडाळून कापसाच्या वखारी काढल्या. आम्ही शाळू मोडून कापूस केला. घरं दुमजली झाली, लग्नांत हत्ती आले. मग दूरदेशीची गिऱ्हाइकं फिरली, भाव पडला, आणि..."

"आणि?"

"पूर्वी काळवटला वाईट साल आलं, की सांबरगडचा तांदूळ यायचा. सांबरगडला वणवा लागला, की मांडवपूर हात द्यायचं. आता तिघेही खाली. हात द्यायला वर कोणी नाही."

"सगळ्यांनी कापूस लावायचं कोणाच्या डोक्यात आलं?"

रघोत्तमने पगडी सारखी केली.

"...भाव होता, महाराज."

"भावाला डोकं असतं?"

"मीच म्हणालो होतो. बाजार एक, तर पीकही एक असू दे."

महाराजांनी मान डोलावली. रागावले नाहीत. रागावले असते तर रघोत्तमला जास्त सोपं गेलं असतं.

"राजे म्हणतात, नाके काढले म्हणून रोग आत शिरला," रघोत्तम म्हणाला. "ज्याने त्याने आपापलं दार लावून बसावं, म्हणजे शेजाऱ्याची सर्दी आपल्याला नको."

"आणि तू?"

"मी मोडू देणार नाही." त्याने मूठ ओट्यावर आपटली. दोन शेंगा खाली पडल्या. "मी म्हणतो, अर्धवट जुळलं म्हणून बिघडलं. आता पुरतं जुळवा. खजिना एक, पेरणी एक, हुकूम एक. तिघांनी पाऊल एकदम उचलायचं आणि एकदम टाकायचं. मग बघू कोण पडतं ते!"

"तिघेही," महाराज पुटपुटले.

"काय म्हणालात?"

"काही नाही. माझ्याकडे कशाला आलास?"

"तुम्ही एक शब्द बोललात तर राजे ऐकतील."

महाराजांनी खाली पडलेल्या शेंगा उचलल्या आणि फुंकर मारून टोपलीत ठेवल्या.

"बोलेन. पण आधी तेवढं मागच्या शाळूला शेवटचं पाणी दे."

---

मागचा शाळू म्हणजे मठाच्या जमिनीचा अगदी टोकाचा तुकडा. एरवी त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नसतं. पण तिन्ही मुलखांनी कापसाच्या नादात शाळूचं बियाणं खाऊन संपवलं होतं. पुढच्या पेरणीला धरायचं बियाणं उरलं होतं ते या तुकड्यात, आणि कणसं भरायच्या ऐन वेळी तो सुकायला लागला होता. उद्या राजे आले की आधी भांडणार होते ते याच्याच वाटणीवरून.

"विहीर आटली का?" रघोत्तमने विचारलं.

"विहीर भरलेली आहे."

"मोटा?"

"तिन्ही चालू आहेत."

"मग पाणी जातं कुठे?"

"तेच बघ," महाराज म्हणाले आणि फावडं त्याच्या हातात दिलं.

जाताना दाराशी रघोत्तमचं डोकं चौकटीला आपटलं. आपटायला नको होतं. कराराच्या दिवशी तिघा राजांत आधी आत कोणी जायचं यावरून मानपानाचं मोठं भांडण झालं होतं, तेव्हा त्यानेच तोड काढली होती. मठाचं दार फोडून रुंद केलं आणि तिघांना खांद्याला खांदा लावून एकदम आत नेलं. आता बघतो तर दार पुन्हा बुजवून एका माणसापुरतं केलेलं.

"हे कोणी केलं?"

"मी," महाराज म्हणाले. "गुरं शिरत होती."

रघोत्तम कपाळ चोळत शेतात गेला.

मठाची विहीर तीन मोटांची. एकेक मोट एकेका संस्थानाकडे, वाडवडिलांपासून. तिन्ही मोटांचं पाणी एकाच थारोळ्यात पडे आणि तिथून एकाच पाटाने शेतात जाई. लांबून हलगी ऐकू येत होती. हलगीच्या ठेक्यावर तिन्ही बैलजोड्या एकदम धावेच्या उतारावरून जायच्या, तिन्ही मोटा एकदम वर यायच्या आणि एकदम ओतल्या जायच्या. हीही त्याचीच कल्पना. कराराच्या दिवशी त्याने हे प्रथम करून दाखवलं, तेव्हा लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला होता आणि सांबरगडच्या राजांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तेव्हापासून तसाच हुकूम होता.

त्याने धोतर गुडघ्यावर खोचलं. पगडी काढून बांधावर ठेवली. फावडं धरून कैक वर्षं झाली होती, पण ते कोणाला दिसू द्यायचं नाही असं त्याने ठरवलं.

पाणी आलं.

आलं म्हणजे काय, लोंढाच आला. पाट काठोकाठ भरला, वळणावर काठ फुटला आणि पाणी भसाभस पडीक जमिनीत गेलं. रघोत्तम धावत जाईपर्यंत पाट कोरडा. तळाला नुसता चिखल.

त्याने काठ बांधला. घाम पुसला. पुन्हा लोंढा आला आणि पुन्हा काठ फुटला, या वेळी अलीकडे.

मग त्याने दोन्हीकडे दगड लावले. दगडांवर माती, मातीवर पायाने धपाधप तुडवलं. हा गडी हट्टाला पेटला की मागे हटणारा नव्हता, आणि कारभार सांभाळायला तेवढा गुण पुरतो असं त्याला आजवर वाटत आलं होतं.

महाराज काठी टेकत बांधावर येऊन बसले.

"आलं का पाणी?"

"आलं, आणि गेलं."

"कुठे?"

"वाटेत फुटलं."

"मग?"

"काठ उंच करतो."

"कर."

काठ उंच झाला. पाणी जास्त उंचावरून फुटलं. रघोत्तमच्या तोंडावर चिखल उडाला. त्याने तो पुसलासुद्धा नाही.

टोकाला शाळूची कणसं माना टाकून उभी होती. त्याला पहिल्यांदाच त्यांची भीती वाटली. हे वाळलं, तर उद्या कोणी काय बोललं यावर पुढच्या वर्षी कुणाचं पोट भरणार नव्हतं.

"राजे म्हणतात तसं करून बघ की," महाराज म्हणाले.

"म्हणजे?"

"ज्याची मोट, त्याचा पाट."

रघोत्तमने त्यांच्याकडे पाहिलं. महाराज थट्टा करत असतील असं त्याला वाटलं. पण महाराजांचा चेहरा थट्टेचा नव्हता, आणि शाळूला वेळ नव्हता. त्याने ओठ आवळले आणि थारोळ्यात दोन बांध घालून तिथून तीन निरनिराळे पाट ओढले. हाताला फोड आले. कंबर बोलायला लागली. तीन पाटांचं काम एका माणसाचं नाही, पण त्याने कोणाला हाक मारली नाही.

तीन बारीक धारा निघाल्या. एकही काठ फुटला नाही. पाणी कसं शहाण्या मुलासारखं आपापल्या पाटाने चाललं होतं.

"हे बरं आहे," महाराज म्हणाले. "भांडण नाही, फुटाफूट नाही."

रघोत्तम धारेच्या बरोबरीने चालू लागला. निम्म्या वाटेवर पहिली धार भेगाळलेल्या जमिनीत मुरली. दुसरी जरा पुढे गेली आणि मुरली. तिसरीचं पाणी कुठे संपलं ते दिसलंसुद्धा नाही, फक्त माती थोडी काळी झाली.

तो परत आला.

"काय झालं?"

"शांत आहे, महाराज... पण पोचत नाही."

"हं."

रघोत्तमने फावडं उचललं आणि मधले दोन्ही बांध पाडून टाकले. तीन पाटांचा पुन्हा एक पाट केला. रागाने नाही. आता त्याला एवढं तरी पक्कं कळलं होतं, की पोचायचं तर पाट एकच हवा. उद्या राजांनी तलवार उपसली तरी हे बोलायचं.

पण एक पाट फुटत होता.

तो पाटाच्या काठावर उकिडवा बसला. लोंढा आला, फुटला, गेला. मग कोरड. मग लांबून हलगीचा ठेका... आणि पुन्हा लोंढा.

ठेका. लोंढा.

ठेका...

रघोत्तम उठला. फावडं तिथेच टाकून तो विहिरीकडे चालायला लागला. आधी सावकाश आणि मग जवळजवळ धावतच. चिखलाने माखलेला कारभारी येताना पाहून हलगीवाल्याने आणखी जोर लावला. त्याला वाटलं, सरकार ताल बघायला आले.

"बंद कर."

"जी?"

"हलगी बंद कर."

"सरकार, तुमचाच तर हुकूम हाय. तिन्ही मोटा एका टायमाला पडाया पायजेत, न्हाईतर दंड म्हणून."

"हुकूम माझाच होता," रघोत्तम म्हणाला. "आता हाही माझाच आहे. बंद कर."

हलगी थांबली.

बैल क्षणभर गोंधळले. मोटकरीही गोंधळले. "आता कशावर हाकायची?" एकाने विचारलं.

"आपापल्या बैलांवर."

सांबरगडचे बैल डोंगरी, ठेंगणे आणि चपळ, ते आधी निघाले. काळवटचे थोराड, डुलत डुलत मागून. मांडवपूरच्या जोडीत एक म्हातारा होता, तो धावेच्या टोकाला जाऊन दम खायचा आणि त्याला कोणी टोचत नव्हतं. थोड्याच वेळात तिघांचं बिनसलं. एक मोट ओतत होती तेव्हा दुसरी निम्म्यात होती, आणि तिसरी खाली जाऊन पाण्यात बुडत होती. बघायला काही शोभा नव्हती. राजांच्या डोळ्यांत पाणी येण्यासारखं तर काहीच नव्हतं.

थारोळ्यातून मात्र पाणी निघालं ते निघालंच. मोठं नाही, लहान नाही. थांबलं नाही.

रघोत्तम पाण्याबरोबर चालला. वळण आलं. काठ धरून राहिला. भेगाळलेली जमीन आली, तिने आपला वाटा पिऊन घेतला आणि बाकीचं पाणी पुढे जाऊ दिलं. शेवटी टोकाच्या तुकड्यात पहिल्या सरीला ओल चढली, मग दुसरीला. तो गुडघाभर चिखलात उभा राहून एकेक सरी उघडत गेला आणि बुजवत गेला, आणि त्याला रडू आलं. आनंदाचं का लाजेचं, ते त्याने शोधलं नाही.

दिवस कलला होता. महाराज बांधावरच होते.

"पोचलं?"

"पोचलं."

"पाट किती ठेवलेस?"

"एकच."

"हं."

रघोत्तम त्यांच्याजवळ येऊन बसला. पगडी हातात घेतली, पण डोक्यावर ठेवली नाही.

"महाराज, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून दिसत होतं?"

"दिसत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"टाळ्या चालल्या होत्या," महाराज म्हणाले.

रघोत्तम खाली मान घालून हसला. बऱ्याच महिन्यांनी हसला असावा, कारण त्याला नंतर खोकला आला.

"नाका उभा राहू देणार नाही, महाराज. माझी कारभारीपदाची वस्त्रं गेली तरी चालतील."

"मी बोलू का उद्या?"

"नको." त्याने पगडीवरची माती झटकली. "काय बोलायचं ते मला कळलं. बाजार एक, पीक ज्याचं त्याचं. तुम्ही फक्त जवळ बसा."

---

सकाळी तिन्ही राजे आले. एकदमच आले. कोणी आधी पोचून दुसऱ्याची वाट पाहायची नाही, असा कराराचाच एक कायदा होता. करार मोडायला निघालेल्यांनी तो मात्र काटेकोर पाळला होता.

घोड्यांवरून उतरले आणि दाराशी अडले.

दार एका माणसापुरतं. माणसं तीन, आणि तिन्ही राजे. मांडवपूरकरांनी सांबरगडकरांकडे पाहिलं. सांबरगडकरांनी काळवटकरांकडे पाहिलं. काळवटकरांनी मिशीवरून हात फिरवला. कोणी पाऊल उचलेना. मागे भालदार-चोपदार अवघडून उभे. घोडे खूर आपटायला लागले. एकाने दुसऱ्याचा चावा घेतला तशी तिथेच एक नवी तक्रार तयार झाली.

"कारभारी!" काळवटचे राजे कडाडले. "हे काय? आम्ही तिघे एकदम आत जाणार असं ठरलं होतं ना? तुम्हीच ठरवलं होतंत!"

रघोत्तम दाराच्या आतल्या बाजूला उभा होता. पायांवर कालचा चिखल वाळलेला. त्याने तोड काढायला तोंड उघडलं. अशा वेळी काढायच्या तोडी त्याच्या जिभेच्या टोकावर असायच्या, आणि या घडीलाही दोन-तीन होत्या. भिंत पाडता आली असती. बाहेर मांडव घालता आला असता. राजांना मागच्या कुंपणातून नेता आलं असतं.

त्याने तोंड मिटलं.

तो वळला आणि ओट्याकडे आला. महाराज कालच्या वालाचे दाणे उन्हात पसरत होते. मागे तिन्ही मोटांची कुरकुर ऐकू येत होती, एकीची आता, मग दुसरीची, मग तिसरीची.

"महाराज," तो हळूच म्हणाला, "तिघे एकदम मावत नाहीत."

महाराजांनी दाण्यांवरून हात फिरवला. मग मान वर करून दाराबाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"एकेकानं आत यावं. बाहेर जो असेल, त्यानं आत गेलेल्याचा घोडा धरावा."